ऐरणीच्या दोन्ही बाजू

राजूर, ता. अकोले
४ ऑगस्ट २०२५

चि. माधुरीस आप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही उभयता इकडे खुशाल आहोत. पाऊस आहे, भट्टी चालू आहे. तू मात्र पत्रात गुडघ्याचे काही लिहीत नाहीस. नुसते 'बरी आहे' एवढेच लिहायचे असेल तर पोस्टाचे पाकीट कशाला वाया घालवतेस? फोनवर विचारले असते, पण जन्मभर ऐरणीशेजारी बसून माझे कान कामातून गेले, हे तुला ठाऊकच आहे. परवा तुझ्या दिपालीचा पुण्याहून फोन आला होता. तुझी वहिनी तिच्याशी बोलली आणि मग हातवारे करून तिने मला सगळे सांगितले. त्यातले निम्मे मला कळले, आणि जे कळले ते पटले नाही.

दाजींचे तिन्ही कॅमेरे तू कुणा हॉटेलवाल्याला देणार, आणि तो ते काचेच्या कपाटात मांडून ठेवणार म्हणे. दाजी जाऊन दोन वर्षे झाली, स्टुडिओ बंद आहे, सगळे खरे. तुझी वस्तू आहे, तू दे. पण देण्याआधी एक काम कर. ते तिन्ही घेऊन इकडे ये आणि मी कामावर बसलेलो असताना माझा फोटो काढ. दिवाळीनंतर दुकानात विजेचा हातोडा येतोय. मग ऐरण कोपऱ्यात जाईल आणि मी बटणापाशी बसेन. आपल्या आजोबांचा फोटो नाही, वडिलांचा कामावरचा नाही. माझा एक असू दे. दाजींनी दर वर्षी काढतो म्हणून सांगितले आणि दर वर्षी भाताचे पोते घेऊन गेले.

वहिनी नमस्कार सांगते. लवकर कळव. मायेत काही उणे नाही, तसेच तुझ्याकडूनही असावे.

तुझा,
आप्पा


राहुरी
१५ ऑगस्ट २०२५

ती. आप्पा आणि ती. सौ. वहिनी यांना माधुरीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. गुडघे दुखतात. झालं समाधान?

आप्पा, कॅमेरे मी देत नाहीये, दिपाली देतेय. तिच्या ओळखीचा तो मनुष्य दिवाळीत येऊन घेऊन जाणार आहे. मला आधी काहीच वाटलं नव्हतं. तुमचं पत्र वाचल्यावर स्टुडिओचं कुलूप काढलं. आत पाऊल टाकलं तर फोटो धुवायच्या हायपोचा वास अजून तसाच. स्टुलावर बसून तिन्ही कॅमेरे पुसले.

पण तुम्ही एक विसरताय. मी आजवर एकही फोटो काढलेला नाही. लग्न होऊन राहुरीला आले ती आतल्या खोलीत गेले. हे बाहेर फोटो काढायचे, मी आत ते धुवायचे. दाखवायला निघालेल्या किती मुलींच्या गालावरचे डाग मी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून घालवलेत, त्याची गणती नाही. कॅमेऱ्याचं बटण दाबायची मात्र वेळ आली नाही. कुणी अडवलं नव्हतं, आत माणूस लागायचं एवढंच.

तरी येते. पोळा झाला की येते. शेजारचे पंकज भंडारदऱ्याला जाणार आहेत, ते मला सामानासकट राजूरला सोडतील. सामान बरंच आहे. एक ती लाकडी पेटी, तिकाटण्यावर ठेवून काळ्या कापडात डोकं घालायचं ती. दुसरा दोन डोळ्यांचा, छातीशी धरून वरून वाकून बघायचा. तिसरा लहान, लग्नात गळ्यात अडकवून हे फिरायचे तो. फ्रिजमध्ये भाजीच्या खाली फिल्मचे थोडे रोल निघाले, मुदत संपलेले. काल सराव म्हणून टाकीवरच्या कावळ्याचा फोटो काढला. टाकी छान आलीये.

वहिनी, भाकरी बडवून ठेवा. मला हसू नका.

तुमची,
माधुरी


राहुरी
८ सप्टेंबर २०२५

ती. आप्पा, ती. सौ. वहिनी यांना शि. सा. नमस्कार.

सोबत फोटो पाठवलेत. हात धुऊन बघा. आप्पांना साबणाने धुवायला लावा.

मोठा फोटो पेटीचा. पेटीची फिल्म आता मिळत नाही, म्हणून मी तिच्यात फोटोचा कागदच घातला होता. त्याला उजेड फार लागतो, म्हणूनच तुम्हाला मुळीच हलू नका म्हणाले. त्याचा परिणाम बघा. पांढरा सदरा, टोपी, हातोडा वर धरलेला, नजर थेट समोर. चौकातला पुतळा अनावरणाची वाट बघत बसल्यासारखे दिसताय. तेवढा वेळ हात वर धरून तुम्ही मनात मला काय म्हणत होता, तेही चेहऱ्यावर उतरलंय.

दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्याने माझी पार फजिती केली. त्याच्या काचेत डावं ते उजवं दिसतं. तुम्ही इकडे सरकलात म्हणून मी कॅमेरा फिरवला की तुम्ही काचेतून पळून जायचात. एका फोटोत भट्टी पूर्ण आहे आणि आप्पा अर्धे. त्याच फोटोच्या कडेला एक कोपर आलंय, त्याखाली काचेच्या बांगड्या. वहिनी, ते कोपर कुणाचं, मी विचारत नाही.

आता खरं सांगते. फोटो पाण्यात उमटायला लागतो तेव्हा काळं ते आधी दिसतं. मला आधी भट्टीचं तोंड दिसलं, मग ऐरण, मग भिंतीला टेकवून ठेवलेला घण, मग आप्पा. सगळं जागच्या जागी होतं, तरी फोटो मेल्यासारखा वाटत होता. काय चुकलंय ते कळेना. शेवटी बाहेर उन्हात आणून बघितला, तेव्हा ध्यानात आलं की ऐरणीवरचं लोखंड काळं आहे. तापलेलं असतं तर पांढरं आलं असतं. आप्पा गार लोखंडापुढे बसलेत, कारण तापलेलं बाहेर काढलं तरी त्यावर घण कोण मारणार? घण मारणारं माणूस मी कॅमेरा उचलला की पदर सावरून उठून जात होतं.

लहानपणापासून मी ती ऐरण बघत आलेय. एका बाजूला वडील आणि दुसऱ्या बाजूला आई. त्यांच्यानंतर एका बाजूला आप्पा आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही, वहिनी. एकट्या माणसाने विळा केलेला मी कधी बघितला नाही. मग फोटोत तरी एकटा कसा करेल?

लहान कॅमेरा अजून राहिलाय, त्याचा एक रोल आहे, आणि दोन डोळ्यांच्याचाही एक उरलाय. तुम्ही उभ्या राहणार असाल तर पुन्हा येते. नाहीतर हा पुतळा लावा भिंतीला.

वाट बघते. लोभ आहे म्हणूनच भांडते.

माधुरी


राजूर
१७ सप्टेंबर २०२५

वन्सं, तुमाला भागिरथीचा नमस्कार.

तुमच्या भावानं पत्र वाचलं, पेन माज्या म्होरं ठिवला आन मनले तुजं तू लिव. सातवी पास हुन लई वर्सं झाली, चुकलं माकलं पदरात घ्या. फोटू बगून मी लई हासले. ते मातर दोन दिस माज्याशी बोलले न्हाईत.

वन्सं, तुमी मनता ते खरं हाय. पन मला उबं ऱ्हायाला सांगू नका. घण मारताना माजा अवतार तुमी बगितलाय. लुगडं वर खवलेलं, डोक्याला फडकं, तोंडाला काजळी, आंगावर घामाच्या धारा. आसला फोटू कुनी भितीला लावतं का? फोटू म्हंजी कसं, ठिवनीतलं लुगडं, खुर्ची, हात मांडीवर.

दुसरं एक कारन हाय, ते कुनाला सांगू नका. आमच्या पूजाची सोयरीक जमली तवा संगमनेरची मान्सं घर बगाय आली. दुकानात डोकावून इहीनबाईंनी, गोजरबाईंनी, मला इचारलं का घण कोन मारतं. सोयरीक मोडायची भीती वाटली. मी मनले गडी हाय, आज सुट्टीव गेलाय. पूजाच्या लग्नाला चार वर्सं झाली आन त्यो गडी आजून सुट्टीवच हाय. दर खेपंला इहीनबाई इचारत्यात गडी आला का, आन मी दर खेपंला त्याच्या घरात कायतरी दुखनं काडते. आता माजा घण मारताना फोटू निघाला, आन पूजाच्या घरी गेला, तर माजी काय गत?

दिवाळीनंतर मशीन येतंय. तुमच्या भावाला त्याचं वाईट वाटतंय, सारखे ऐरनीव हात फिरवत बसत्यात. मला न्हाई वाटत. माजा खांदा लई दुखतोय वन्सं. मशीन यिऊं द्या, मी खुशाल भाकरी खाऊन झोपीन.

गुडग्याला तीळाचं त्याल लावा. माया करता तेवडी करीत ऱ्हावा.

भागिरथी


राहुरी
२५ सप्टेंबर २०२५

ती. सौ. वहिनींना माधुरीचा नमस्कार, आणि आधीच माफीही.

तुम्ही कुणाला सांगू नका म्हणालात आणि मी पूजाला फोन केला. रागावा, पण आधी पुढचं वाचा.

मी तिला सहज विचारावं तसं विचारलं की आईचा घण मारतानाचा फोटो काढला तर तुझ्या सासरी चालेल का. ती हसायलाच लागली. तिच्या शेजारी गोजरबाई गहू निवडत बसल्या होत्या. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, आणि पोरीने माझा प्रश्न सांगून सरळ फोन त्यांच्याच हातात दिला. माझी काय अवस्था झाली असेल बघा. पण त्या जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

त्या म्हणाल्या, "गडी न्हाई ते मला लग्नाच्या मांडवातच कळलं. इहीनबाईंचा हात हातात घेतला तर तळव्याला घट्टे. मी बारा वर्सं ऊस तोडलाय, आसा हात मला वळखू यीना व्हय?"

मग दर खेपेला विचारत का होता, असं मी म्हटलं. तर म्हणाल्या की तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून वाट बघत होत्या. तुम्ही सांगितलं असतं म्हणजे त्यांनाही त्यांचं सांगता आलं असतं. ऊसतोडीला जात होत्या हे त्यांनी तरी तुमच्यापुढे कुठे काढलंय? घर, ट्रॅक्टर, मुलाची नोकरी, एवढंच बोलत आल्या. म्हणजे चार वर्षं तुम्ही दोघी एकमेकींना चहा पाजताय आणि दोघीही हात पदराखाली लपवून बसताय.

तेव्हा ते कारण संपलं. लुगड्याचं कारण उरलं, त्याच्यावर तोड अशी, की फोटो दोन काढू. एक घण घेतलेला आणि एक ठेवणीतल्या लुगड्यातला, खुर्चीवर, हात मांडीवर. दसरा झाला की येते. नाही म्हणायचं असेल तर मी निघायच्या आत म्हणा.

तुमची आगाऊ नणंद,
माधुरी


राजूर
११ ऑक्टोबर २०२५

चि. माधुरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू सुखरूप पोहोचलीस असे पूजाकडून कळले. रोलमध्ये काही निघाले का, तेवढे आधी लिही. तुझी वहिनी मला काय त्याचे म्हणते आणि रोज पोस्टमनची वाट बघते.

तू गेल्यापासून ती सकाळ डोळ्यापुढून हलत नाही. दुकानात उजेड कमी पडतो म्हणालीस म्हणून मी छपराचे दोन पत्रे काढले, ते अजून पुरते बसले नाहीत, रात्री पाऊस आला तर कोळसा भिजेल. असो. गाडीच्या जुन्या पाट्याचे लोखंड लाल झाले, मी सांडशीने ऐरणीवर घेतले, आणि हिचा पहिला घाव चुकला. दुसराही. एवढ्या वर्षांत तिचा घाव चुकलेला मी पाहिला नव्हता. तिची नजर तुझ्या कॅमेऱ्याकडे होती. आमचे काम बोलून होत नाही हे तुला माहीत आहे. मी लहान हातोडीने जिथे टिचकी मारीन तिथे तिने घण घालायचा. मी ऐरणीच्या कडेवर एक टिचकी जोरात मारली. तिने माझ्याकडे पाहिले, मग लोखंडाकडे, आणि तिथून पुढे तू कुठे उभी आहेस, कुठे बसलीस, तिला काहीच कळले नाही. तुझ्या पदरावर ठिणगी पडून भोक पडले, ते तुलाही कळले नाही.

नंतर रोल गुंडाळताना आत काहीतरी तुटले आणि तुझा चेहरा उतरला, तेव्हा मी म्हटले गेले सगळे. तू मात्र जाड गोधडी मागितलीस. धान्याच्या खोलीत दोघी शिरलात, दार लावून घेतले, खिडकीला पोती लावली. वहिनी सांगते, तू गोधडीत डोके घालून बसलीस, तिने चारी बाजूंनी कडा दाबून धरल्या, आणि आत तू नुसत्या बोटांनी कॅमेरा उघडलास, फाटलेली फिल्म सोडवलीस आणि डब्यात घातलीस. मी बाहेर. दार बंद, त्यात मला ऐकू येत नाही. पूजाच्या वेळी बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभा होतो तसाच उभा होतो. तू घामाघूम होऊन बाहेर आलीस, हातात तो काळ्या परकरात बांधलेला डबा, आणि माझ्या कानाशी ओरडून म्हणालीस की एस.टी.त कुणी खाऊचा डबा समजून मागितला तर पंचाईत. तेव्हा कुठे मला हसू आले.

काही निघाले नसले तरी मनाला लावून घेऊ नकोस. तू आलीस, छप्पर उघडले, वहिनीचे ओठ दिवसभर गाण्यावर हलत होते. एवढ्यावर मी खूष आहे.

आप्पा


राहुरी
१७ ऑक्टोबर २०२५

ती. आप्पा, ती. सौ. वहिनी यांना नमस्कार.

निघाले. सगळे नाही. फिल्म जिथे फाटली तिथे उजेड शिरला, तो भाग गेला. काही हलले आहेत. पण जे उरले ते पाठवते.

त्यातला एक वेगळ्या कागदात ठेवलाय, तो शेवटी बघा. घण वरून खाली येतोय, म्हणून तो पुसट आहे. ठिणग्यांच्या रेघा झाल्यात. लोखंड पांढरंशुभ्र. आप्पांची सांडशी जराही हललेली नाही. वहिनींच्या कपाळावरचं फडकं सरकलंय, दात ओठावर आहेत. आणि दोघांचीही नजर एकाच जागी आहे, जिथे घाव पडणार तिथे. माझ्याकडे कुणीच बघत नाही. यावर मी पेन्सिल लावलेली नाही. काजळी आहे तशी ठेवलीये.

तो पाण्यात उमटत होता तेव्हा सवयीने मी दाराकडे तोंड करून म्हणणार होते की हा चांगला आलाय. बाहेर कोणी नव्हतं. मग स्वतःलाच म्हटलं, चांगला आलाय. थोडं रडू आलं, पण ते वाईट नव्हतं.

दिपाली दिवाळीसाठी कालच आली. दोरीवर वाळत घातलेले फोटो बघून तिने विचारलं की हे बाबांचे कधीचे. मी म्हटलं, माझे, गेल्या आठवड्यातले. ती प्रत्येकासमोर उभी राहिली. मग न विचारता तिने त्या हॉटेलवाल्याला फोन करून कॅमेरे मिळणार नाहीत म्हणून सांगितलं. पेटी मात्र मी देतेय, आप्पा, रागावू नका. ती उचलणं आता माझ्या गुडघ्यांच्या आवाक्यातलं नाही आणि तिथे ती चार माणसांच्या नजरेस तरी पडेल. बाकीचे दोन माझ्याकडे राहतील.

वहिनींचा खुर्चीवरचा फोटोही सोबत आहे, दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्याचा. या वेळी कुणी काचेतून पळालं नाही. दिपाली घरी आहे, त्यामुळे भाऊबिजेला येणं होत नाही. ओवाळणी जपून ठेवा, सोडणार नाही.

तुमच्या मायेची,
माधुरी


राजूर
२७ ऑक्टोबर २०२५

वन्सं, भागिरथीचा नमस्कार. दिपालीला आशीर्वाद.

फोटू पोचले. खुर्चीवरचा मी घरात लावला, देवाच्या बाजूला न्हाई, बारक्या भितीला. घणाचा ह्यांनी कोनाला न इचारता चौकटीत बसवून दुकानात म्होरंच टांगला. मी मनले धुरानं काळा हुईल. तर मनले तू काळी झालीस, तवा तुला काय आत ठिवली का.

मशीन आलं. पन लाईनवाले आजून आले न्हाईत, म्हून ते ताडपत्रीखाली बसलंय आन घण मीच मारते. खांद्याला शेक देते. हुईल आठ दिसांत.

भाऊबिजेला पूजा आली, संगती इहीनबाई आल्या. मी काय बोलावं म्हून तोंड चुकवत हुते. त्यांनी चप्पल काडली, सरळ दुकानात गेल्या, फोटूम्होरं उब्या ऱ्हायल्या. मंग पदर कमरंला खवला, आन भितीचा घण उचलला. मी धावले, मनले आवो लागंल. त्या मनल्या, "बारा वर्सं मोळ्या उचलल्यात. मला मारू द्या."

ह्यांना ऐकू येत न्हाई पन समदं कळतं. ह्यांनी भट्टीतलं लाल लोखंड काडलं आन ऐरनीव धरलं. एक टिचकी मारली. इहीनबाईंचा पैला घाव कडंला पडला, दुसरा बरुबर. मंग म्या दुसरा घण घेतला. एक त्यांचा, एक माजा. पूजा दारात उबी ऱ्हाऊन रडतीया का हासतीया ते मला कळंना. त्याचा इळा झाला. जरा वाकडा हाय. ह्यांनी दाते काडले, पानी दिलं, मूठ बशिवली. गोजरबाईंनी त्यो लुगड्याच्या पदरात गुंडाळून संगमनेरला नेला. मी दिलेली साडी टोपलीत आन इळा मांडीव, आशा एस.टी.त बसल्या.

आता तुमचं काम. भात कापनीला आलाय. इळं न्याया बाया येत्यात, त्या फोटू बगत्यात. काल चौगी जनी आल्या हुत्या. त्यांनाबी फोटू पायजे. मी मनले खुर्ची हाय घरात. तर मनल्या खुर्ची नको, खाचरात काडा, इळ्यासकट, हाय त्या लुगड्यात. कोन काडतं म्हून इचारलं.

मी सांगितलं, आमच्या वन्सं काडत्यात.

तवा रोल घिऊन या. भाकरी बडवून ठिवते. गोधडीबी धुऊन ठिवलीया.

तुमचीच,
भागिरथी